थोरलीचा टाक

फुलाबाईचं दहावं झालं त्या दिवशी गोरखनं बहिणीच्या हातात एक कागदाची पुडी ठेवली आणि तो लगेच मागं सरला.

"आईच्या गळ्यातला हाय. ताई, तूच बघ काय करायचं ते. धरणात सोड, न्हाईतर कुठं. मला घरात नगं."

पुडीत काय आहे, हे रत्नाला न उघडताच कळलं. फुलाबाई ही त्यांच्या वडलांची दुसरी बायको. पहिली, ठकुबाई, तापानं गेली होती. मग रीतीप्रमाणं लग्नातच फुलाबाईच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक बांधला गेला. अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा आणि त्यावर ठोकून उमटवलेली एक उभी बाई. पुढं नवरा गेला, मंगळसूत्र उतरलं, पण टाक उतरला नाही. गुंजवणे गावातल्या त्या घरात ठकुबाईचं नाव कुणी घेत नसे, थोरली म्हणत. जेवायला बसलं की फुलाबाई पहिला घास टाकाला टेकवायची आणि शेजारच्या माणसाशी बोलावं तसं म्हणायची, "थोरले, जेव गं."

रत्ना भोरला राहायची, घरीच ब्लाऊज शिवायची. तिनं पुडी शिलाई मशीनच्या खणात टाकली आणि वर रिळं लोटली. थोरलीशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. तिला आपल्या आईची आठवण हवी होती, अंगावर वागवता येईल अशी. आईच्या कानातली सोन्याची फुलं तिच्या वाट्याला आली होती. ती घेऊन ती बाजारपेठेत आनंदराव सोनाराकडं गेली.

आनंदरावांनी तिच्यापुढं मखमलीचा ट्रे सरकवला. नाव कोरलेली अंगठी होती, उघडमीट होणारं लॉकेट होतं, आणि फोटोवरून चेहरा उमटवलेलं एक पदकही होतं.

"हे पदक बरं," रत्ना म्हणाली. "आईचं तोंड दिसायला पाहिजे."

"मग फोटो द्या ताई, चांगला, समोरून काढलेला."

तिनं मोबाईल दिला. आनंदरावांनी फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला. गोरखच्या लग्नातला, दारातला. फुलाबाई नीट समोर बघत होती, फक्त उजवा हात गळ्याशी होता.

"हात आडवा येतोय. दुसरा बघा."

दुसऱ्यातही हात गळ्याशीच होता, तिसऱ्यातही. रत्ना एकेक फोटो पुढं सरकवत गेली. इतकी वर्षं आईला बघत आलो आणि हे आपल्याला कधी दिसलं कसं नाही? प्रत्येक फोटोत आई बोटांनी टाक झाकून उभी होती. धाकट्या लेकराचे डोळे झाकावेत तसा.

"काही हरकत नाही, हात कापून टाकतो. नुसता चेहरा घेऊ," आनंदराव म्हणाले आणि त्यांनी चौकट ओढली.

चौकट कशीही हलवली तरी हनुवटीखाली बोटांची टोकं उरतच होती. हात कापलेल्या त्या चेहऱ्यावर आईचे डोळे घाबरल्यासारखे वाटले, कुणी गळ्यातून काही ओढून नेत असावं तसे. रत्नानं चटकन स्वतःच्या गळ्याला हात लावला.

"राहू द्या काका. आज नको."

घरी येऊन ती मशीनवर बसली. भर दुपार होती, आळीत चिटपाखरू नव्हतं. आईचं तोंड आठवावं म्हणून तिनं डोळे मिटले. आईचं लुगडं आलं, खांदा आला, कपाळावरचं गोंदण आलं. पण तोंडाच्या जागी काहीच नव्हतं, नुसतं गुळगुळीत. तिनं डोळे उघडले आणि खण ओढून पुडी सोडली. टाकावरच्या बाईला नाक नव्हतं, डोळे नव्हते. झिजून झिजून तोंड सपाट झालं होतं. मिटल्या डोळ्यांपुढं दिसलं होतं ते हेच.

त्यानंतर तिला घरात एकटं असं वाटेना. शिवताना डाव्या अंगाला कुणी टेकून बसल्यासारखं व्हायचं. मान वळवून बघायचा धीर होत नसे. एके दुपारी नवऱ्यानं विचारलं, "कोण यायचंय का जेवायला?"

"कुणी न्हाई. का?"

"मग पाट कुणाला मांडलास?"

रत्नानं पाट बघितला. आपण तो कधी मांडला, हे तिला आठवेना.

दुसऱ्याच दिवशी तिनं भोंगवलीची एसटी धरली. ठकुबाईच्या मागं एक तान्ही मुलगी राहिली होती, मंगल. सावत्र आईच्या हाती पोर नको म्हणून मामानं तिला सारोळ्याला नेलं आणि पुढं भोंगवलीला लग्न करून दिलं. रत्नानं तिला एकदाच लांबून पाहिलं होतं, वडलांच्या मयतीला. ज्याची आई त्याला देऊन टाकावी, म्हणजे मोकळं, असं तिनं ठरवलं होतं.

मंगल ओसरीवर मटार सोलत बसली होती. पिकल्या केसांची, उंच बाई. रत्नानं नाव सांगितलं तशी तिनं परात बाजूला केली.

"बस. कळलं मला मावशीचं, तुझ्या आईचं. उशिरा कळलं."

"अक्का, तुमची वस्तू आणलीया," रत्ना म्हणाली आणि तिनं पुडी पुढं केली.

मंगलनं टाक तळहातावर घेतला. अंगठा सरळ त्या सपाट तोंडावर गेला, ओळखीच्या जागी जावा तसा.

"तुमी ह्यो आदी बघितलाय?" रत्नानं विचारलं.

"दरसाल. मावशी दिवाळीच्या तोंडावर सारोळ्याला यायची, पुलापाशी. मामाला ठावं न्हवतं. टाक काढून माझ्या हातात द्यायची आन म्हणायची, घे, आईला भेट. मग तिकडं तोंड करून बसायची. माझं बोलून होईस्तवर वळून बघायची न्हाई."

आई दिवाळीआधी सारोळ्याला बांगड्या भरायला जाते, असं घरात सगळ्यांना माहीत होतं.

"तुमी काय बोलायचा?"

"पोरीनं काय बोलावं? शाळेतलं, मामीचं." मंगलनं अंगठा टाकावरून फिरवला. "एक सांगू? आईचं तोंड मी बघितल्यालं आठवत न्हाई. टाकावरचं तवाच पुसलं होतं. आई म्हणून डोळं मिटलं की मावशीच दिसायची, नाकाडोळ्यासकट. लई राग यायचा मला. माझी आई गेली कुठं मग? अजून बी तसंच होतं."

"आन मला माझी आई दिसत न्हाई," रत्ना म्हणाली. "मला हीच दिसती."

ओसरीवर वारा नव्हता, तरी परातीतली टरफलं जराशी हलली. मंगलनं त्यांच्यावर हात ठेवला.

"कशी दिसायची गं माझी आई, कुणी बोललं का कधी?"

"न्हाई. पण माझी आई कशी दिसायची, ते तुमी सांगा."

मंगलनं सांगितलं. डाव्या भुवईत खोच, हसताना वरचा ओठ आत ओढायची सवय, पुलावरच्या उन्हात बारीक होणारे डोळे. रत्ना ऐकत होती, आणि एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली.

निघताना मंगलनं टाक परत केला नाही. काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात बांधून घेतला. "ह्याच्यावर तुझ्या आईचीच बोटं ज्यास्ती झिजल्यात," ती म्हणाली, "पण राहू दे माझ्याजवळ."

रत्ना आनंदरावांकडं पुन्हा गेली. "पदक नको काका. टाकच करा, आईचा. चांदीचा."

"टाकावर चेहरा ओळखीचा येत नाही हं ताई. ठसा एकच. बाई म्हटलं की हीच."

"चालंल."

सोन्याची फुलं तिनं स्वतःच्या कानात घातली. आठवड्यानं टाक मिळाला. नवा, कोऱ्या कडांचा, नाकीडोळी नीट. पण ते डोळे कुणाचेच नव्हते. तिनं तो गळ्यात बांधला, तेव्हा कडा कातडीला टोचली.

त्या संध्याकाळी मंगलचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग तिनं आवाज खाली आणला.

"रत्ना, येतं का गं कुणी तुझ्याकडं?"

"न्हाई, अक्का. तुमच्याकडं?"

"माझ्याकडं बी न्हाई."

फोन मात्र दोघींपैकी कुणीच ठेवला नाही. पलीकडं मंगलचा श्वास ऐकू येत होता, आणि मधूनच आणखी कुणाचा तरी. रत्ना उभ्या जागी ऐकत राहिली.