जुन्या दारापाशी थांबलेली व्हीलचेअर

मी एक जुनी व्हीलचेअर आहे. मित्रांनो, परवापर्यंत मला रिकामी ढकलतानाही धडधाकट माणसाला धाप लागायची. का, ते सांगते.

मी आले तेव्हा अमेरिकेतला हा विमानतळ एवढासा होता. एक इमारत, एक धावपट्टी आणि कुंपणापलीकडे मक्याची शेतं. मग त्याला भस्म्याच झाला. शेतं गेली, धावपट्ट्या चार झाल्या, जमिनीखालून आगगाडी पळू लागली. माझंही काम वाढलं. भारतातून आयांची रीघ लागली. पाय ठणठणीत, पण इंग्रजी येत नाही, म्हणून मुलं तिकिटासोबत मलाही सांगून ठेवायची. त्या बिचाऱ्या लाजत बसायच्या. मला त्यांचं भारी कौतुक वाटे.

सुहासिनीबाई अशाच आल्या. लेकीनं, यामिनीनं, फोनवर दहादा बजावलं होतं, "आई, मी येईपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही." नेमकं त्याच आठवड्यात बाहेर पडायचं दार नव्या इमारतीत गेलं होतं. ढकलणाऱ्यानं सवयीनं मला जुन्या दारापाशी नेलं आणि तो निघून गेला. यामिनी नव्या दारात उभी. भर दुपारी त्या ओस हॉलमध्ये बाई पर्स घट्ट धरून बसल्या. तहान लागली, तरी उठल्या नाहीत. तीन तासांनी माणसं शोधत आली, तेव्हा बाईंचं अंग गार पडलं होतं.

त्यांना उचलून नेलं. वजन मात्र माझ्यावरच राहिलं. कुणी बसलेलं नसतानाही माझी गादी दबलेली असे. मोकळी सोडली की मी आपोआप जुन्या दाराकडे वळे. तिथे आता नुसती भिंत आहे. मला भीती वाटायची आणि बाईंची दयाही यायची. शेवटी मला अडगळीत टाकलं.

परवा गर्दी झाली म्हणून मला पुन्हा बाहेर काढलं. सुहासिनीबाईंची धाकटी बहीण आली होती. ती काही माझ्यात बसेना. चालतच बाहेर आली, आणि मागून मला ढकलणारा घामाघूम.

न्यायला यामिनीच आली होती. तिचेही केस आता पिकले होते. "मावशी, बसली का नाहीस?"

"कशी बसू गं? ताई बसलीये ना त्यात."

यामिनीनं माझ्या दबलेल्या गादीकडे पाहिलं. ती तिथेच गुडघ्यांवर बसली आणि रडू लागली. "आई, चुकलं माझं. मी आलेय. ऊठ आता."

माझी गादी हळूहळू वर आली.

मित्रांनो, आपल्या माणसाला 'इथेच थांब' म्हणालात, तर त्याला उठवायला वेळेवर जा. ती माणसं खरंच थांबतात.