सावळीचा अर्धा तास

मित्रांनो, माझे नाव ऐकून तुम्ही दोन पावले मागे सराल, आणि ते योग्यच आहे. मी एक जुने रिव्हॉल्व्हर आहे. पण मी कधी लढाईवर गेलो नाही की चोरामागे धावलो नाही. माझे मालक घोड्यांचे डॉक्टर होते. शर्यतीच्या मैदानामागे तबेले होते, तिथल्या त्यांच्या खोलीत, कुलूपबंद कपाटात मी राहत असे.

माझे काम वाईट होते, पण दुष्ट नव्हते. घोड्याचा पाय असा मोडला की तो सांधणेच शक्य नाही, तर डॉक्टर मला बाहेर काढत. वेदना न होता झोपवणारी सुई त्या काळी आमच्याकडे नव्हती. एक आवाज होई आणि जनावर सुटे. त्या दिवशी डॉक्टरांना घास जात नसे.

कारखान्यात एका कारागिराने कानस मारून मारून माझे भाग जुळवले होते. गोळ्या भरायचे माझे सहा घरांचे चक्र बोटाच्या धक्क्याने गरगर फिरे. डॉक्टर मला फडक्याने पुसत, वरून तेलाचा हात देत. पाहणारा विचारी, "कालच घेतलंत की काय?" मी फुगून जाई. आत काय चालले आहे ते मात्र कुणी पाहिले नाही. वर्षानुवर्षांचे तेल आत चिकट होत गेले, बंदुकीच्या दारूची राख त्यात रुतत गेली.

तबेल्यात घोड्यांची निगा राखणारे एक मोतद्दार होते. सगळे त्यांना मामा म्हणत. सावळी नावाची घोडी त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवली होती. एका सकाळी सरावाच्या वेळी ती कठड्यावर आदळली आणि पुढचा पाय गुडघ्याखाली तुटला. डॉक्टरांनी पाय पाहिला, मग मामांकडे पाहिले. मामांनी होकाराची मान हलवली.

डॉक्टरांनी गोळ्या भरून चाप ओढला. तो हललाच नाही. त्यांनी मला उघडले, मिटले, पुन्हा ओढला. चक्र जागचे सरकेना. दुसरे हत्यार पोलीस चौकीत होते. मला रिकामे करून, औषधांच्या पेटीवर ठेवून डॉक्टर गाडीकडे धावले.

जाऊन यायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ मामा सावळीचे डोके मांडीवर घेऊन वाळूत बसले होते. पहिल्या दिवशी तू बादली कशी उपडी केलीस, माझी टोपी कशी चावलीस, असे काहीबाही तिला सांगत होते. ती थरथरत होती. मी शेजारीच होतो, मित्रांनो, आणि काही करू शकत नव्हतो.

सगळे आटोपल्यावर मामा एवढेच म्हणाले, "डॉक्टर, तिला वाटत होतं, मी काहीतरी करीन."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मला घेऊन बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी आधी मी रिकामा आहे ना ते पाहिले. रिकामे चक्र फिरवले, ते कुरकुरत का होईना, फिरले. मग खोट्या गोळ्या घालून फिरवले, तर अडकले. त्यांनी मला उजेडात धरले. चक्रामागे ताऱ्यासारखी एक चकती असते, ती झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलते. तिच्याखाली राखेचा थर घट्ट बसला होता. त्यामुळे चकती वर राहिली होती, गोळ्यांचे बूड मागे घासत होते.

"आतून शेवटचं कधी साफ केलंत?" मिस्त्रींनी विचारले.

मग त्यांनी दात घासायच्या जुन्या ब्रशने तो थर काढला. चक्र फिरू लागले.

"एवढंच होतं?" डॉक्टरांनी विचारले.

"एवढंच. दोन मिनिटांचं काम."

तिथून डॉक्टर थेट तबेल्यात गेले. "हत्याराचा दोष नव्हता, माझा होता," असे मामांना सांगून सगळे काही समजावले. मामा गवत कापत होते. त्यांनी ऐकून घेतले आणि कापत राहिले. त्यानंतर त्यांनी कुठलेही शिंगरू वाढवायला घेतले नाही. तबेला झाडायचे काम मागून घेतले. डॉक्टर मात्र दर शनिवारी मला उघडून बसत. कित्येक शनिवारी त्यांचे हात मध्येच थांबत.

ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कपाटातून काढले, रिकामा असल्याची खात्री केली आणि फडक्याने पुसायला घेतले. दारात झाडू घेऊन मामा उभे होते. आता ते पार वाकले होते.

"बाई," ते म्हणाले, "वरून नका पुसत बसू. उघडा ते. आतून बघा."

बाईंनी मला उघडले. बाईंची सफाई होईपर्यंत मामा दारातच थांबले.

मित्रांनो, माझ्यासारख्याला तुम्ही कधीच हात लावू नका. पण तुमच्या हाती जे असेल, आणि ज्याच्यावर एखादा मुका जीव विसंबून असेल, त्याकडे वेळेआधी नीट बघा. त्या दोन मिनिटांसाठी सावळी अर्धा तास तडफडली.