गुरुनाथ पळाला नव्हता

मित्रांनो, माझ्या झाकणाला पोचा आहे, पोटावरचा हिरवा रंग जागोजागी उडालाय आणि हँडल एका बाजूने सुतळीने बांधलेलं आहे. तरी सकाळी भरलेला चहा मी दुपारपर्यंत गरम ठेवतो. असा मी एक जुना थर्मास. जन्माने आयरिश, संसाराने सातारकर. माझी गोष्ट सांगायची तर मला गुरुनाथ शेलारची सांगावी लागेल. मी त्याच्या बरोबरीचा, म्हणून त्याच्याबद्दल एकेरीतच बोलतो. रागवू नका.

पोर्टलीश गावातल्या एका दुकानातून फॅलनबाईंनी मला विकत घेतलं ते मुलासाठी. मुलगा डेक्लन, आयर्लंडच्या फौजेत ट्रक ड्रायव्हर. त्याला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर सोमालियाला जायचं होतं. बराकीत थर्मास पळवतात म्हणून त्याने पांढऱ्या ऑइलपेंटने माझ्या पोटावर 'फॅलन' असं ठसठशीत लिहिलं. तेव्हापासून माझी एक बाजू साधी आणि एक बाजू नावाची.

सोमालियात बैदोआ नावाचं गाव आहे. तिथे आयरिश ट्रकवाले आणि भारतीय फौज एकाच तळावर होते. मोगादिशूहून धान्याची पोती आणायची, वाटेत गोळीबार झाला तरी गाड्या थांबवायच्या नाहीत, असा दंडक. १९९४ साली एका दुपारी असाच ताफा निघाला. कोरड्या नदीच्या पात्रात डेक्लनची गाडी कलंडली. झाडीतून गोळ्या येऊ लागल्या. ताफ्याच्या भारतीय अधिकाऱ्याने हुकूम दिला, 'पुढे चला.' सगळे पुढे गेले.

शेवटच्या गाडीवर भारतीय फौजेतला नाईक गुरुनाथ शेलार होता. त्याने गाडी वळवली.

वाळूत तिची चाकं रुतली. मग तो वाकत वाकत धावला, पहारीने केबिनचा पत्रा फाकवला आणि डेक्लनला बाहेर ओढलं. डेक्लनचा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. मी त्याच्या सीटखाली होतो. गुरुनाथने मला उघडलं, झाकणात चहा ओतला आणि घोट घोट करून त्याला पाजला. संध्याकाळी आयरिश गस्तीची तुकडी येईपर्यंत तो त्याच्याशी बोलत राहिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. हेलिकॉप्टरमध्ये चढवताना डेक्लनने मला गुरुनाथच्या हातात कोंबलं. गस्तीच्या गाडीने गुरुनाथला तळावर सोडलं. त्याच्या रुतलेल्या गाडीतली पोती तोवर लुटली गेली होती.

आता खरं काय ते लिहायचं, तर जखमी माणसाला मागे का सोडलं, असा प्रश्न त्या अधिकाऱ्याला आला असता. म्हणून त्याने लिहिलं, की नाईक शेलार गोळीबाराला भिऊन गाडी टाकून पळाला. चौकशी झाली ती भारतात परतल्यावर. गुरुनाथ म्हणाला, आयरिश जवानांना विचारा. ते सगळे आपल्या देशात गेले होते आणि तिकडे विचारणा करण्याची गरज कोणाला वाटली नाही. 'सेवेची आवश्यकता नाही' असा शेरा मारून त्याला घरी पाठवलं.

मित्रांनो, फौजेतून घरी येणाऱ्याला लोक वेशीवर घ्यायला येतात. कोरेगावजवळच्या त्या गावात गुरुनाथ आला तो शेवटच्या एसटीने. प्रजासत्ताक दिनाला शाळेत माजी सैनिकांना पुढच्या रांगेत बसवायचे. गुरुनाथ त्या दिवशी हटकून रानात पाणी धरायला जायचा. एकदा त्याची धाकटी गिरिजा शाळेतून रडत आली. वर्गातल्या कोणीतरी 'पळपुट्याची पोरगी' म्हटलं होतं. गुरुनाथने तिला जवळ घेतलं. त्याच रात्री त्याने मला फडताळाच्या वरच्या कप्प्यात पालथं ठेवलं. मला बघणं त्याला सोसत नव्हतं.

तिथे मी धूळ खात पडलो. मला खाली काढलं ते त्याच्या बायकोने, सरिताने. "ज्याला वाचवलं त्याची वस्तू हाय ही. लपवायला आपण काय चोरी केलीया?" असं म्हणून तिने मला सोड्याने घासलं, चहा भरला आणि रानात पाठवलं. त्यानंतर बरीच वर्षं मी बांधावर ऊन खाल्लं. गुरुनाथने दोनदा फौजेकडे दाद मागितली. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं, साक्षीदार नाही.

गिरिजा मात्र जिद्दीची निघाली. इंजिनियर झाली आणि आयर्लंडमध्ये मलिंगारला, वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात लागली. नवरा उपेंद्र सॉफ्टवेअरमधला. २०२०च्या फेब्रुवारीत तिच्या बाळंतपणासाठी सरिता आणि गुरुनाथ विमानात बसले. बॅगेत मेथीचे लाडू, बाळंतकाढा आणि मी. आयर्लंडला निघालोय म्हटल्यावर गुरुनाथने मला स्वतःच्या हाताने बॅगेत ठेवलं होतं.

नात झाली, पूर्णिमा. आणि पाठोपाठ कोरोना आला. विमानं बंद पडली. दोन महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा तिथेच अडकले. गिरिजा सांगायची, "आई, डबे प्रेसमध्ये ठेव," आणि सरिता इस्त्री शोधत फिरायची. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात, हे कळायला तिला आठवडा लागला.

घरापासून लांब जायला बंदी होती, पण कालव्याच्या काठाने फिरायला परवानगी होती. गुरुनाथ रोज सकाळी मला घेऊन एका बाकावर बसायचा. मला बाकाच्या कडेला ठेवायचा आणि दरवेळी माझी नावाची बाजू वाटेकडे करायचा. मनात काय आहे ते त्याने कोणाला सांगितलं नाही. मला मात्र कळलं होतं.

लोक जात. लांबूनच 'मॉर्निंग' म्हणत. कित्येक आठवडे कोणी काही विचारलं नाही. मग मे महिन्यात एका सकाळी कुत्रं फिरवणारा एक उंच म्हातारा पुढे जाऊन परत आला. अंतर राखून उभा राहिला आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारू लागला, की हे कुठे मिळालं. गुरुनाथला इंग्रजी तुटकं यायचं. तो इतकंच म्हणाला, "सोमालिया. बैदोआ. ड्रायव्हर फॅलन."

म्हाताऱ्याचं नाव नोएल. तो आयरिश फौजेतूनच निवृत्त झालेला. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. डेक्लन फॅलनला तो ओळखत होता. लहान देश, त्याहून लहान फौज.

त्या दिवशी गिरिजाने वडिलांना समोर बसवून सगळी हकिकत पहिल्यापासून ऐकली. थोडी तिला माहीत होती, बरीच नव्हती. ऐकून झाल्यावर ती उठली, लॅपटॉप उघडला आणि नोएलने दिलेल्या नंबरवर व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर एक टकलू, जाडसर माणूस आला. मागे कुबडी टेकलेली. डेक्लन अजून पोर्टलीशलाच राहत होता. त्याने गुरुनाथकडे निरखून पाहिलं. मग डेक्लन हसला आणि गिरिजाला म्हणाला, "तुझ्या वडिलांना विचार, पदक कुठे लावलंय? दिवाणखान्यात ना?"

गिरिजाने त्याला सांगितलं, की पदक मिळालं नाही. बाबांना पळपुटा ठरवून काढून टाकलं.

डेक्लनचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, मग हळूहळू उतरलं. तो म्हणाला, "आम्ही सगळे समजत होतो की त्याला पदक मिळालं असणार. दर वर्षी त्या तारखेला मी त्याच्या नावाने एक ग्लास उचलतो. आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही?" त्याने चष्मा काढून डोळे पुसले. "सांग त्याला, आता मी बोलणार."

मुंबईच्या शोभना कर्णिक या वकीलबाई फौजींची प्रकरणं चालवायच्या. गिरिजाने त्यांना गाठलं. त्या स्पष्ट बोलणाऱ्या. प्रकरण फार जुनं आहे, लष्करी लवाद आधी उशिराबद्दलच विचारेल, पण ज्याचा जीव वाचला तो स्वतः शपथेवर सांगणार असेल तर मी उशीर आड येऊ देणार नाही, असं त्या म्हणाल्या. अर्ज दाखल झाला. कोरोनामुळे सुनावण्या व्हिडिओवर होत होत्या. एरवी डेक्लनला त्या पायाने मुंबई गाठणं जमलंच नसतं.

पण मित्रांनो, जानेवारी २०२१ मध्ये पोर्टलीशहून नोएलला निरोप आला, डेक्लनला कोरोना झाला आहे. तो इस्पितळात होता, ऑक्सिजनवर. त्याचं शपथपत्र अजून व्हायचं होतं. भेटायला जायची सोय नव्हती, एका काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, दुसरीत जायला बंदी. त्या दिवसांत गुरुनाथ बाकावर यायचा, पण माझं झाकण उघडायचा नाही. चहा माझ्या पोटात तसाच थंड व्हायचा. शोभनाताईंचा फोन आला की आपण पुढची तारीख मागू, तेव्हा तो गिरिजाला म्हणाला, "ताईंना सांग, तारखेचं राहू दे. आधी तो जगू दे." आणि सरिताने देवापुढे दिवा लावला तो डेक्लनसाठी, निकालासाठी नव्हे.

डेक्लन जगला. तीन आठवड्यांनी घरी आला तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता. डॉक्टरांनी बोलायची मनाई केली होती. त्याने गिरिजाला सांगितलं, "आय ॲम ग्रँड. तारीख घे." मी ठणठणीत आहे, हे तिकडे असं म्हणतात.

मार्चमध्ये सुनावणी झाली. भारतातली सकाळ, म्हणून मलिंगारला अजून उजाडायचं होतं. गुरुनाथ कोट घालून ताठ बसला, शेजारी सरिता. मला टेबलावर ठेवलं होतं. पडद्यावर एका चौकटीत न्यायमूर्ती, एका चौकटीत वकील, एका चौकटीत डेक्लन. डेक्लनने सगळं सांगितलं. दर दोन वाक्यांनी दम खाल्ला, पण काही गाळलं नाही.

सरकारी वकील सभ्य होते. त्यांनी विचारलं, की आपण जखमी होता, अर्धवट शुद्धीत होता. सत्तावीस वर्षांनी हाच तो माणूस, हे कशावरून?

डेक्लन म्हणाला, "चेहरा मला धड दिसलाच नव्हता, डोळ्यांत वाळू होती. मला आवाज आठवतो. मी डोळे मिटले की तो एकच वाक्य म्हणायचा. अर्थ मला माहीत नव्हता, पण त्याच वाक्याने मी जागा राहिलो." आणि त्या पोर्टलीशच्या माणसाने आपल्या हेलात शब्द उच्चारले, "सोना मत, भाई."

न्यायमूर्तींनी गुरुनाथला विचारलं, त्या दिवशी तुम्ही काय म्हणत होतात? गुरुनाथ उठून सावधान उभा राहिला. मग खणखणीत आवाजात तेच वाक्य म्हणाला. डेक्लनने डोळे मिटून ते ऐकलं आणि होकाराची मान हलवली. सरकारी वकिलांनी आणखी प्रश्न नाहीत असं सांगितलं.

निकाल मे महिन्यात आला. 'सेवेची आवश्यकता नाही' हा शेरा रद्द. नाईक गुरुनाथ शेलार यांना सन्मानाने सेवामुक्त केल्याचं मानावं, माजी सैनिकाचे सगळे हक्क द्यावेत. शोभनाताईंनी फोनवर एक वाक्य मुद्दाम दोनदा वाचलं: 'अर्जदार पळाला नव्हता. इतर निघून गेले तेव्हा तो थांबला होता.'

सरिता म्हणाली, "गिरिजे, गावाला फोन लाव. शाळंच्या हेडमास्तरांना आधी." पुढे तासभर ती एकटीच बोलत होती आणि गुरुनाथ नातीला खांद्यावर घेऊन खोलीत गोल गोल फिरत होता. मी त्याला गाणं म्हणताना पहिल्यांदा ऐकलं. सूर बरा नव्हता, पण मी काही बोललो नाही.

जून उजाडला तोवर प्रवासाची बंदी उठली होती. नोएलने मलिंगारच्या निवृत्त फौजींना कालव्याकाठी गोळा केलं. शांतिसेनेच्या निळ्या टोप्या, छातीवर पदकं. डेक्लन मुलाच्या गाडीतून उतरला आणि कुबडी टेकत आला. दोघांनी मिठी मारावी की नाही, कोरोनाचे नियम काय, याचा विचार करत ते क्षणभर घुटमळले. मग डेक्लननेच कुबडी टाकून दिली. गुरुनाथने त्याला सावरलं, सोमालियात गाडीतून ओढलं होतं तसंच, काखेत हात घालून.

नोएलने गुरुनाथला रांगेत बोलावलं. तो मागे उभा राहायला निघाला. सगळ्यांनी त्याला पुढे ढकललं, पहिल्या रांगेत, डेक्लनच्या उजव्या हाताला. हुकूम झाला, रांग चालू लागली. डेक्लनचा वेग कमी, म्हणून सगळी रांग त्याच्या चालीने चालली. काठावरचे लोक थांबले, टाळ्या वाजवू लागले. गुरुनाथची मान अशी वर होती, की कोरेगावच्या रस्त्याने एवढी वर्षं खाली बघत चालणारा माणूस हाच, असं सांगून कोणाला पटलं नसतं. गिरिजा रडत होती आणि हसतही होती. पूर्णिमा तिच्या कडेवरून टाळ्या वाजवत होती.

मित्रांनो, वस्तू आपली गोष्ट सांगते तेव्हा शेवटी आपली निगा राखायला सांगते. माझं तसं काही मागणं नाही. नव्या झाकणाची सोय गिरिजाने केली आहे. माझं मागणं वेगळं आहे. डेक्लन भला माणूस. तो गुरुनाथला एक दिवसही विसरला नाही. फक्त तो धरून चालला, की ज्याने आपल्याला वाचवलं त्याचं बरंच झालं असणार. तुमच्याही मदतीला कधी कोणी धावून आलं असेल. कोणी दवाखान्यात नेलं असेल, कोणी वर्गात तुमची बाजू घेतली असेल. त्याचं पुढे काय झालं, एवढं विचारा. त्या मदतीची किंमत त्याला मोजावी लागली का, तेही विचारा. आणि लागली असेल, तर जिथे सांगायला हवं तिथे जाऊन, दम लागला तरी, सांगा, की हा माणूस थांबला होता.