जांभळी पेन्सिल

हिरव्या पेन्सिलीला टोक करून तिने कोर्टाची डायरी उघडली आणि जुलैचं पान काढलं. चौदा तारखेच्या रकान्यात खानावळवाल्या बाईंचा दावा होता, अंतिम युक्तिवादासाठी. त्यापुढे खूण होती ती मात्र जांभळी.

सरांच्या वकिलीच्या चेंबरची ही जुनी पद्धत. कोर्टात जो उभा राहणार त्याच्या रंगाची खूण दाव्यापुढे करायची. सरांची लाल, त्यांची ज्युनियर म्हणून तिची हिरवी. तिसरी खुर्चीच नव्हती, तर तिसरा रंग कुठून येणार?

तिने पानं उलटली. एक जुलैपासून पुढे तिचा एकही दावा हिरवा नव्हता.

“काका, ही जांभळी पेन्सिल कुणाची?”

कारकून काका फायलींना दोऱ्या बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सरांच्या सूनबाईंची. वकिलीची सनद आली ना त्यांची. फेब्रुवारीतच आणून ठेवली मी.” मग हात थांबला. “तुम्हाला सांगितलं असेल की सरांनी.”

फेब्रुवारीत. आणि मार्चमध्ये सरांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, “एका न्यायमूर्तींना निकालांच्या कामात मदतीला लॉ क्लर्क हवाय. लांबचं शहर आहे, पण वर्षभराचा तर प्रश्न. अर्ज करून बघ. तुझी खुर्ची कुठे पळून जाते?” शिफारसपत्रही त्यांनीच लिहिलं. गेल्या सोमवारी तिकडून होकार आला आणि तेव्हापासून जावं की नाही हे तिचं ठरत नव्हतं. वकिली तिला करायची होती ती इथेच. इथले न्यायाधीश, इथले पक्षकार, जिन्यात भेटून टोमणे मारणारे विरुद्ध बाजूचे वकील, हे सगळं तीन वर्षं राबून मिळवलेलं. वर्षभर नजरेआड झालं की कोण ओळखतंय? आई म्हणाली होती, जा, मान आहे त्यात. पण त्या बाईंची खानावळ रिकामी करून मागणाऱ्या घरमालकाशी ती तीन वर्षं भांडली होती, आणि युक्तिवाद तूच करायचास असा सरांचा शब्द होता. त्या शब्दाखातर काल रात्री तिने नकाराचं पत्र लिहिलं. तेच आता पर्समध्ये होतं, दाव्याच्या टिपणांच्या जाडजूड वहीखाली.

सरांना एकटं टाकून कसं जायचं, याची तिला चिंता! तिचं तिलाच हसू आलं, आणि लगेच डोळे चुरचुरले. गोड बोलून केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

सर आले, कोट खुंटीला अडकवला.

“काय मग, ठरलं का?”

“हो सर. नाही जात मी. इथेच थांबते.”

त्यांनी चष्मा काढला. काचा स्वच्छच होत्या, तरी पुसत राहिले.

“घाई करू नकोस. अशी संधी पुन्हा येत नाही.”

“चौदा जुलैचा युक्तिवाद मी करणार ना, सर?”

“अर्थात. म्हणजे... तू असतीस तर तूच केला असतास.”

तिने डायरी फिरवून त्यांच्यापुढे सरकवली. काकांनी अर्धवट बांधलेली फाईल उचलली आणि ते बाहेर गेले.

“सून आहे गं,” सर म्हणाले. “घरात रोज विषय निघतो. मी तरी काय करणार?”

“मला सांगायला हवं होतं तुम्ही.”

“सांगितलं असतं तर तू दुखावली असतीस.”

तिने पर्समधून पत्र काढलं, एकदा वाचलं आणि टोपलीत टाकलं.

“न्यायमूर्तींना कळवते, येते म्हणून. खुर्ची मात्र ठेवू नका, सर.”

सरांनी सुटकेचा श्वास सोडला. लपवायचंही त्यांना सुचलं नाही. किती महिने अवघडून बसले असतील बिचारे! त्यांनी डायरी जवळ ओढली आणि पूर्वीच्याच मायेने म्हणाले, “शहाणी आहेस. आणि हे बघ, चौदा तारखेची टिपणं तेवढी सूनबाईंसाठी काढून ठेव. तिला एकदम झेपायचं नाही.”

जाडजूड वही पर्समधून वर डोकावत होती. तिने ती आत दाबली आणि चेन ओढली.

“टिपणं खानावळवाल्या बाईंना देते, सर. संध्याकाळी जेवायला तिकडेच जाणार आहे. वकील कोण ठेवायचा ते त्या ठरवतील.”

हिरवी पेन्सिल टेबलावरच राहिली होती. दारापर्यंत गेलेली ती परत आली आणि पेन्सिल घेऊन गेली.