निवलेली भेग

वाफेच्या भेगेत मी तापमापक सोडला आणि आकडा तीनदा वाचला. एकसष्ट. गेल्या वर्षी शहाण्णव होता.

वाफेवर रचलेल्या दगडी घुमटीची चटई कुलसूम आत्याने बाजूला केली आणि आतला मातीचा खळगा दाखवला. वाफ निवून पाणी साचतं ते तिथे. अख्ख्या दिवसात तळ जेमतेम ओला झाला होता.

आमच्या भटक्या लोकांत वाटेने आलेल्याने आधी खबर द्यायची, खरी आणि पुरती. गेल्या वर्षी मी दिली होती. असाल तळ्याकडे जमीन दरसाल फाटते आहे, खालची उष्णता वर येते आहे, ही भेग पाच वर्षं तरी निवणार नाही. तेही तीनच मोजण्यांवर. त्या शब्दावर आत्या इथे थांबली. बाकीची बिऱ्हाडं ताजुऱ्याकडच्या विहिरीवर गेली आणि तिची पाण्याची पाळी दुसऱ्याला मिळाली.

आता मी नवे आकडे सांगितले. मधल्या भूकंपाच्या धक्क्यांनी वाफेने दुसरी वाट धरली असावी, असंही सांगितलं.

"खोटं बोलली होतीस, की माहीत नव्हतं?"

"माहीत नव्हतं."

"मग तेवढंच सांगायचं. पाच वर्षं कुठून आणलीस? शहरातल्या शाळेत वाटतात का?"

विहिरीकडे निघायला आम्ही चटई उंटावर लादली. माझ्या आणखी दोन भेगा मोजायच्या राहिल्या होत्या, पण गाडी तिथेच सोडून मी तिच्याबरोबर चालू लागले. काळा खडक पायताणातून भाजत होता. गाभण शेळ्या पुन्हा पुन्हा बसत होत्या, त्यांना उठवून उठवून आमचेच पाय गळाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहीर आली. पाळ्या लावणारे गास नावाचे म्हातारे बाभळीखाली बसले होते. सलाम करून ते खबरीसाठी आत्याकडे वळले. तिने हनुवटीने माझ्याकडे खूण केली. मी सगळं सांगितलं, आकड्यांसकट, माझ्या चुकीसकट.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुझा दंड चौघांत बसून ठरवू, पोरी. पाळ्या मात्र वाटून झाल्या आहेत. सगळ्यांचं झालं की हिच्या शेळ्या."

"म्हणजे गाळ," आत्या म्हणाली.

"गाळच. पण ओला."

"चालेल. तिकडे तोही नव्हता."

ती शेळ्या घेऊन सावलीला बसली. आमच्या आधी सात बिऱ्हाडं होती. त्यांचं लवकर आटपावं म्हणून मी पुढच्या बाईच्या पोहऱ्याचा दोर धरला.