हात खाली

बायको गेली आणि मिस्त्रींच्या घरातलं बोलणंच संपलं. घरात माणसं दोन उरली होती, मिस्त्री आणि त्यांची लेक. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. लेकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, ती हातांनी बोलायची, आणि हातांची ती भाषा घरात फक्त तिच्या आईला यायची. बापाचं लेकीला आणि लेकीचं बापाला, सगळं त्या एका बाईच्या मार्फत चालायचं.

मिस्त्रींना ती भाषा का येत नव्हती, हे सांगताना त्यांची बाजू घ्यावी असं फारसं काही हाती लागत नाही. लेक लहान असताना कुणा डॉक्टरनं सांगितलं होतं की घरात हातवारे करू देऊ नका, नाहीतर पोरगी ओठ हलवायला शिकणार नाही. डॉक्टर सांगून मोकळा झाला. मिस्त्री पडले सुतार माणूस, त्यांनी ते वाक्य पाचर ठोकावी तसं डोक्यात ठोकून घेतलं. जेवताना पोरीचे हात उठले की ते टेबलावर थाप मारायचे. टेबल हादरलं की पोरगी दचकून बघायची. मग मिस्त्री तोंड मोठं करून म्हणायचे, "हात खाली!" बापाच्या ओठांवरचे जे शब्द तिला सगळ्यात आधी वाचता आले, ते हेच.

आईनं मात्र कुणाचं ऐकलं नाही. मुलीच्या शाळेत मागच्या बाकावर बसून ती भाषा शिकून आली. नवऱ्यासमोर नाही, पण स्वयंपाकघरात मायलेकींच्या गप्पा रंगायच्या. मिस्त्री पाणी प्यायला आत गेले की चारही हात थांबायचे. एक खूण त्यांनी येता-जाता इतक्यांदा पाहिली होती की पाठ झाली होती. पंजा उघडा, अंगठ्याजवळचं बोट अर्ध्यात दुमडलेलं. त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की ह्याचा अर्थ, गप्प बस, आला. त्यांना ते लागायचं. पण विचारायचं कसं? विचारलं असतं तर आपल्याला येत नाही हे कबूल करावं लागलं असतं.

पुढे आजारपणात बायकोच्या घशात नळी घातली आणि तिचा आवाज गेला. हात तेवढे राहिले. शेवटच्या दुपारी ती लेकीशी खूप वेळ बोलली. मिस्त्री पलंगाच्या पायथ्याशी लोखंडी दांडा धरून उभे होते. ती ओळखीची खूण पुन्हा पुन्हा येत होती. एकदा बायकोनं त्यांच्याकडे बघत हात हलवले, मग थकून डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी ती गेली. संसार केलेल्या माणसाचं शेवटचं बोलणं आपल्या डोळ्यांदेखत झालं आणि आपल्याला त्यातलं अक्षर कळलं नाही, ही गोष्ट मिस्त्रींना काही केल्या पचेना.

शेवटी त्यांनी फोनवर टाइप करून लेकीला विचारलं, 'आई शेवटी काय म्हणाली?'

लेकीनं ते वाचलं. मग उत्तर आलं, 'आई हातांनी बोलली. मी पण हातांनीच सांगेन.'

"म्हणजे मी न कळताच मरायचं का?" मिस्त्री तिच्या पाठीमागून ओरडले. ओरडून उपयोग काय होता, ते त्यांनाही ठाऊक होतं.

महिनाभर धुमसून झालं आणि एका संध्याकाळी ते वस्तीतल्या शाळेत जाऊन उभे राहिले. तिथं मोठ्या माणसांसाठी हातांच्या भाषेचा वर्ग चालायचा. एक नर्स होती, तान्हं मूल घेऊन आलेलं एक जोडपं होतं, आणि लहान मुलांच्या बाकात गुडघे न मावणारे मिस्त्री. शिकवणाऱ्या बाई त्यांच्या लेकीहून लहान.

"तुम्हाला का शिकायचंय, काका?" बाईंनी विचारलं.

"घरात बोलायला माणूस नाही."

"एकटेच राहता?"

"नाही, लेक आहे ना."

बाईंनी वहीत त्यांचं नाव लिहून घेतलं. जोडप्यातली ती आई मात्र आपल्या मुलाकडे बघू लागली आणि बघतच राहिली.

उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट मिस्त्रींनी तरुणपणी करवतीच्या यंत्राला अर्धं देऊन टाकलं होतं. कामात त्यामुळे कधी अडलं नाही. इथं अडलं. 'तू', 'मी', 'काय', 'कुठे', जिथं तिथं तेच बोट हवं. तरी रेटून आठ-दहा खुणा बसवल्या आणि एकदा जेवताना त्यांनी धीर करून लेकीपुढे हात उचलला. त्यांना म्हणायचं होतं 'आई'. लेक टक लावून बघत राहिली, उठली, आणि मिठाची बरणी आणून त्यांच्यापुढे ठेवली. मिस्त्रींनी मुकाट्यानं मीठ घातलं आणि ती खारट भाजी शेवटपर्यंत खाल्ली.

वर्गात त्यांनी हे सांगितलं तेव्हा हसू फुटलं. मिस्त्रीही हसले.

"डावा हात वापरा की," बाई म्हणाल्या. "तो तर धडधाकट आहे."

"डाव्यानं मी जन्मभर नुसतं लाकूड धरलंय हो. त्याला दुसरं काही येत नाही."

"येईल. तुम्हालाही परवापर्यंत काही येत नव्हतं."

मग डाव्या हाताची शाळा सुरू झाली. संध्याकाळी घटवलेलं सकाळी दात घासेपर्यंत पुसलेलं असायचं. ह्या वयात डोक्यात काही घालणं म्हणजे सुकलेल्या लाकडात खिळा ठोकणं, खिळाच वाकायचा. कामावर जेवायच्या सुट्टीत ते भिंतीकडे तोंड करून सराव करत. जोडीदारानं एकदा हटकलं, "मिस्त्री, माश्या हाकलताय की हवेला रंधा मारताय?"

"लेकीशी बोलायला शिकतोय."

जोडीदाराला ह्याची गंमत करता येईना. त्यानं आपला डबा उचलला आणि शेजारी येऊन बसला.

आणि लेक? ती चष्म्याची भिंगं घासायच्या कामावर जायची, वेळेवर यायची, आणि मदत म्हणून तिनं काडीची केली नाही. उलट फोनवरचे निरोपही बंद केले. दूध संपलं की बापासमोर येऊन हातांनी 'दूध' म्हणायची आणि त्यांना कळेपर्यंत उभी राहायची. नाही कळलं तर पुन्हा. घरात दोन दिवस बिनदुधाचा चहा झाला, पण तिनं फोन हातात घेतला नाही. मिस्त्रींना वाटलं, सूड उगवतेय. लहानपणी मी हिचे हात दाबून ठेवले, आता ही माझं तोंड दाबतेय. खूपदा वाटलं की बस झालं, सोडून द्यावं. तरी संध्याकाळ झाली की पाय शाळेकडे वळायचे. पलंगावरचे ते दोन हात डोळ्यांपुढून हलत नव्हते.

सुट्टीच्या दिवशी सकाळी लेक ओट्यापाशी भांडी विसळत होती. मिस्त्रींनी जमिनीवर पाय आपटला. असं बोलावतात, हे त्यांना बाईंनी शिकवलं होतं. ती वळली. डावा हात वर करून ते सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलले. आई. शेवटी. काय म्हणाली?

ह्या वेळी मीठ आलं नाही. लेकीनं हात पुसले, खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. तिनं सुरुवात केली आणि पहिलीच खूण आली ती ओळखीची. उघडा पंजा, दुमडलेलं बोट.

मिस्त्रींनी तिला थांबवलं. हे काय? ह्याचा अर्थ?

लेक चकित होऊन बघत राहिली. एवढं साधं ह्यांना ठाऊक नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं पुढे होऊन त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि त्या अर्ध्या बोटाच्या टोकावर आपलं बोट टेकवलं. मग सांगितलं, तुम्ही. हे तुमचं नाव. आईनं ठेवलेलं.

तोंडानं त्या बाईनं कधी मिस्त्रींचं नाव घेतलं नव्हतं, सगळा संसार 'अहो' वर झाला. आणि तिकडे स्वयंपाकघरात, वर्षानुवर्षं, ती त्यांचंच नाव घेत होती. ते आत गेले की जे बोलणं थांबायचं, ते त्यांच्याविषयीचं होतं.

लेक पुढे सांगू लागली. सावकाश, मास्तरणीसारखी, कळलं का हे बघत बघत. त्यांना शिकव. हट्टी आहेत, वेळ लागेल. लिहून देऊ नकोस, लिहून दिलंस तर शिकणार नाहीत. आणि मी नसताना दोघं गप्प बसू नका.

मिस्त्रींना सगळं कळलं. एकही शब्द पुन्हा विचारावा लागला नाही. बिनदुधाचा चहा आठवला आणि त्यांना भडभडून आलं. लेकीची माफी मागायची होती, पण शिकलेलं सगळं एका क्षणात पुसलं गेलं आणि दोन्ही हात आपसूक मांडीवर जाऊन पडले.

लेकीनं टेबलावर थाप मारली. मिस्त्री दचकले. तिचे डोळे वाहत होते. तिनं दोन्ही तळवे वर उचलून दाखवले. हात वर.

मिस्त्रींनी हात वर केला. डावा नाही, उजवा. त्यांना आधी आपलं नाव सांगायचं होतं. त्यांनी पंजा उघडला. बोट दुमडावं लागलं नाही.