पंखावरचा पट्टा

एकोडीच्या तलावाला लागून सुखरामचं शेत. उन्हाळी धानाचे पऱ्हे त्याने यंदाही पाण्याच्या काठालाच टाकले होते आणि रोज रात्री कोणीतरी ते कोवळे कोंब खुडून जात होतं. त्याच्या बायकोचा, कुंताबाईंचा संशय सरळ पाण्यातल्या एका तपकिरी बदकावर गेला. हिवाळ्यात इथे बदकं काय कमी येतात? पण असलं कोणी पाहिलं नव्हतं. गावात परका माणूस दिसला की पहिली चोरी त्याच्याच नावावर लागते, तसंच हेही झालं.

त्यांची पुतणी गुंजन साकोलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून तलाव पालथे घालायची, म्हणून घरात तिला पाखरांची मास्तरीण म्हणत.

"सांग वो मास्तरीण, हेच खाऊन राहिलं ना आपले पऱ्हे?" कुंताबाईंनी विचारलं.

गुंजनने दुर्बीण लावली. तपकिरी अंग, गडद टोपी, फिकट गाल. "मोठी लालसरी होय, मोठी आई. मादी आहे. पालाच खाते ते. काठाले जाळं लावून द्या, मंग येत नाही."

मनात किंचित शंका होती. चोच जरा वेगळी वाटत होती. पण घरचे इतक्या भरवशाने तोंडाकडे बघत असताना 'मले नक्की माहीत नाही' म्हणायला शिकलेल्या माणसाची जीभ कुठे वळते! तिने एक फोटो काढून पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि चहा प्यायला घरात गेली. सुखरामने संध्याकाळी मासे धरायचं जुनं जाळं उथळ पाण्यात ताणलं.

सकाळी बदक जाळ्यात बुडून मेलेलं होतं. पऱ्हे मात्र रात्री पुन्हा खाल्लेले होते.

गुंजनने दोरे सोडवले आणि त्या ओल्या पाखराचा पंख हलकेच उघडला. मोठ्या लालसरीच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा असतो. बसलेली असताना तो झाकून राहतो, उडाली की लखकन दिसतो. इथे पट्टा नव्हताच, सगळा पंख काळपट. चोचीत शिंपलीचा तुकडा होता. हे कॉमन स्कोटर होतं, थंड समुद्रातलं, बुडी मारून शिंपले खाणारं. वाट चुकून कुठल्या कुठे आलेला बिचारा जीव, आणि त्याला चोर ठरवलं तिने.

"जंगलवाले येतीन का वो?" कुंताबाई घाबरल्या. "पुरून टाकू तलावाच्या पाळीखाली. उडून गेलं म्हनजो."

तेवढ्यात धनंजय सरांचा फोन आला. गुंजनला पक्षी बघायला त्यांनीच शिकवलं होतं. "अगं, तो फोटो! स्कोटर वाटतं मला. भंडाऱ्याहून निघालोय, कारध्याचा पूल ओलांडला."

"सर, ते... उडून गेलं पहाटे."

तरी सर आलेच. गुडघे दुखत असताना काठी टेकत पाळीच्या बांधावर चढले. चेहरा सणाच्या दिवसासारखा.

"तुला काय वाटतं, स्कोटरच ना? की मोठी लालसरी?"

"स्कोटरच, सर. पंखावर पट्टा नव्हता."

"म्हणजे उडताना नीट पाहिलंस! शाब्बास! मी तर आपल्या जिल्ह्यात कधी ऐकलं नाही. नोंद तुझ्याच नावाने पाठवू."

कुंताबाई चहाचा कप धरून तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

"बरं, गेलं कोणत्या बाजूला?" सरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. "दमलेलं असणार, फार लांब जायचं नाही. आजूबाजूचे सगळे तलाव बघतो. दोन दिवस लागले तरी चालतील, मुक्कामाचे कपडे आणलेत."

गुंजनने दिशा दाखवायला हात उचलला. त्या हाताने ती म्हाताऱ्या माणसाला कुठल्यातरी रिकाम्या तलावावर धाडणार होती. हात तसाच खाली आला.

"सर, ते उडालंच नाही. पंख मी हाताने उघडला."

सरांनी दुर्बीण खाली घेतली.

"जाळं आमचं होय, साहेब," कुंताबाई घाईघाईने म्हणाल्या. "पोरीचा काही गुन्हा नाही."

"लावाले मीच सांगतलं, मोठी आई," गुंजन म्हणाली, आणि सरांच्या तोंडाकडे बघायचं धाडस तिला झालं नाही.